चुलीवरची पेटी आणि तिचें दार

यंत्राचें पूर्ववृत्त माणसाला सहसा तें यंत्र बंद पडल्याशिवाय आठवत नाहीं. चालत्या यंत्राला आपण घरच्या जुन्या गड्यासारखें वागवितों. त्याचें गांव कोणतें, तें कोठून कोठें हिंडत आपल्या दारीं आलें, याची विचारपूस करीत नाहीं. तेंच एके दिवशीं हट्ट धरून बसलें म्हणजे त्याचा स्वभाव, त्याच्या खोडी आणि त्याचें कुलशील हें सर्व जाणून घेण्याची आपणांस एकाएकीं निकड वाटूं लागते. प्रस्तुत निबंधाचा उगम अशाच एका हट्टांतून झाला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां अमेरिकेंत न्यू जर्सी येथें आमच्या कन्येकडे हिंवाळ्याचे तीन महिने राहिलों होतों. त्या देशांतील मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांत शेगडीच्या बरोबर वर, भिंतीवरच्या कपाटाखालीं, एक पोलादी पेटी टांगलेली असते. पेटीच्या आंत अन्न तापविण्याची सूक्ष्म लहरींची भट्टी, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'मायक्रोवेव्ह'. पोटाखालीं शेगडीवर उजेड पाडणारा दिवा. आणि तिच्याच अंगांत शेगडीवरची वाफ व धूर ओढून घेणारा पंखा, अशीं तीन कामें ती एकटी करते. एके सायंकाळीं सौभाग्यवतींनीं दूध काढण्यासाठीं पेटीचें दार उघडलें, तोंच आंतून 'खट्' असा आवाज झाला आणि दिवा, पंखा, घड्याळाचे आंकडे असें सारें एकदम मालवलें. आपल्याच हातून कांहीं चुकलें असें त्यांच्या मनानें घेतलें. आमचे जांवई संगणकाच्या धंद्यांतले. फ्यूज जळाला असावा हें त्यांचें निदान बरोबर ठरलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नवा फ्यूज बसविला आणि पेटी जिवंत झाली. पण दूध तापवून दार उघडतांच पुन्हां तोच 'खट्' आणि पुन्हां तोच अंधार. तेव्हां दुप्पट विजेला दाद न देणारा जाड फ्यूज घालावा, नाहींतर पेटी भिंतीवरून उतरवून तिचें कवच उघडावें, असा बेत ठरला. 'प्लग काढला म्हणजे वीज गेली. मग भीति कसली?' असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि आम्हांसही तो बिनतोड वाटला, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

सुदैवानें कन्येनें दुरुस्तीच्या कारागिरास आधींच निरोप पाठविला होता. तो वयस्क गृहस्थ आला, त्यानें जांवयांच्या मदतीनें पेटी खालीं उतरविली, कवच काढलें, आणि कोणत्याही भागास बोट लावण्यापूर्वीं लांब मुठीच्या एका अवजारानें आंतील चपट्या डब्याचीं दोन टोकें एकमेकांस जोडून पाहिलीं. ठिणगी पडली नाहीं. 'पडली नाहीं हें आतां कळलें. तपासण्यापूर्वीं कळलें नव्हतें,' एवढेंच तो म्हणाला. पुढें दाराच्या चौकटींतले तीन लहान खटके त्यानें काढले, त्यांतील एकाचीं जळून एकमेकांस चिकटलेलीं टोकें आम्हांस दाखविलीं, आणि आमच्या सर्व कल्पना उलट्या करणारें एक वाक्य उच्चारलें: पेटी बिघडलेली नाहीं, पेटीनें आपलें काम चोख केलें आहे.

दारांतील एका खटक्यापायीं यंत्रानें आपण होऊन आपला प्राण सोडावा, एवढी दक्षता त्याच्या ठिकाणीं कोठून आली? चुलीजवळच्या एका पेटीला एवढें दाराचें भय कां असावें? या प्रश्नाचें अर्धें उत्तर यंत्रविद्येंत आहे. उरलेलें अर्धें इतिहासांत आहे, आणि तें महायुद्धाच्या काळापासून सुरू होतें.

सूक्ष्म लहरी या कांहीं त्या युद्धाच्या वेळीं प्रथमच माणसाच्या हातीं आल्या असें नव्हे. गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युल्लहरींवर प्रयोग करून दाखविले होते. परंतु त्या लहरी फार क्षीण होत्या. पुढें दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमूं लागले तेव्हां शत्रूचें विमान दुरून ओळखण्याची विद्या, म्हणजे रडार, इंग्लंडनें उभी केली. पण तिच्या लहरी दहा मीटर किंवा त्याहूनही लांब असत आणि त्यांच्यासाठीं समुद्रकिनाऱ्यावर शंभर मीटरांहून उंच मनोरे उभारावे लागत. असें यंत्र विमानाच्या नाकांत कसें मावावें? लहर जितकी आंखूड, तितकें यंत्र आटोपशीर आणि तितकी नजर तीक्ष्ण. मात्र आंखूड लहरी जोरदार कशा निर्माण कराव्या, हें कोणास साधत नव्हतें.

ती कोंडी बर्मिंगहॅम विद्यापीठांतील जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघां तरुणांनीं फोडली. तांब्याचा एक जाड ठोकळा. त्याच्या मध्यभागीं एक गोल पोकळी. तिच्याभोंवतीं फुलाच्या पाकळ्यांसारखीं सहा भोकें, प्रत्येक भोक एका अरुंद फटीनें मधल्या पोकळीस जोडलेलें. आणि ठोकळ्याच्या दोन्ही अंगांस लोहचुंबक. मधल्या तापलेल्या तारेंतून निघालेले विद्युत्कण सरळ बाहेर जाऊं पाहतात, चुंबक त्यांस गोल फिरवितो, आणि बासरीच्या भोंकावरून फुंकर गेली म्हणजे जसा सूर निघतो तशी त्या पोकळ्यांतून लहर उठते. २१ फेब्रुवारी १९४० रोजीं हें यंत्र प्रथम चाललें. त्याचे सांधे लाखेनें बंद केलेले होते. किती शक्ति निघते हें अजमावण्यास त्यांनीं मोटारीचे दिवे जोडले, तर ते दिवेच जळून गेले. सुमारें दहा सेंटिमीटरांची लहर आणि शक्ति चारशें वॉटच्या घरांत! या यंत्राचें नांव मॅग्नेट्रॉन. तें नांव जुनेंच, पण पोकळ्यांचा हा अवतार नवा होता. आजही प्रत्येक स्वयंपाकघरांतील पेटीच्या उजव्या अंगास जो ओबडधोबड धातूचा गोळा बसलेला असतो, तो याच ठोकळ्याचा वंशज.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सर हेन्री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळ अटलांटिक ओलांडून गेलें. इंग्लंडवर बाँब पडत होते, कारखाने अपुरे होते. तेव्हां आपलीं शास्त्रीय गुपितें अमेरिकेच्या हवालीं करावीं आणि तिच्या कारखान्यांची मदत मिळवावी, असा तो सौदा होता. मंडळाच्या सामानांत एक मॅग्नेट्रॉन होता. अमेरिकेंतील जाणत्यांनीं तो पाहिला आणि त्यानंतर त्या देशांत या नळ्यांचा कारखानाच सुरू झाला. पण एकसंध तांब्यांतून अचूक पोकळ्या कोरणें हें काम वेळखाऊ; कुशल हात दिवसभर खपले तरी नळ्या मोजक्याच निघत. रेथिऑन कंपनींतील पर्सी स्पेन्सर या गृहस्थानें त्यावर तोडगा काढला. ठोकळा कोरूंच नये. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून तशाच आकाराच्या चकत्या छापून काढाव्या, त्या एकावर एक रचाव्या आणि भट्टींत डाक देऊन एकजीव कराव्या. युद्ध संपण्याच्या सुमारास त्या कंपनीचें उत्पादन दिवसाला दोन हजारांवर गेलें होतें.

या स्पेन्सरचें चरित्र आपल्याकडील 'स्वावलंबन' या विषयावरील निबंधांत शोभण्यासारखें आहे. मेन प्रांतांतील हाउलंड या खेडेगांवीं १८९४ सालीं त्याचा जन्म झाला; बाप लहानपणींच वारला; बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि गिरणींत काम करावें लागलें. विजेचें आणि बिनतारी यंत्रांचें ज्ञान त्यानें पुस्तकें आणून, रात्रीं जागून मिळविलें. १९४५ सालीं चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असतां त्याच्या खिशांतील मिठाईची वडी वितळली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती वडी वितळणें हा अपघात होता; पण नुसता अपघात शोध लावीत नाहीं. दुसऱ्या कोणाच्याही खिशांतील वडी वितळली असती तर त्यानें खिसा धुतला असता. स्पेन्सरनें मक्याचे दाणे आणविले. ते फुटून लाह्या झाल्या. मग अंडें ठेवलें, तें फुटून पाहणाऱ्यांच्या अंगावर उडालें. ८ ऑक्टोबर १९४५ रोजीं त्यानें अन्नावर या लहरींची प्रक्रिया करण्याच्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि २४ जानेवारी १९५० रोजीं तें पेटंट त्यास मिळालें.

येथें लहरी अन्न कसें तापवितात हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूचें एक टोक किंचित् धन व दुसरें किंचित् ऋण असतें. लहरींतील विद्युत्क्षेत्र सेकंदाला सुमारें २४५ कोटी आवर्तनें करतें; त्याबरोबर वळण्याच्या धडपडींत रेणू शेजाऱ्यांशीं घसटतात आणि त्या घसटींतून उष्णता उत्पन्न होते. अन्न आंतून बाहेर शिजतें ही समजूत खोटी आहे. लहर पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंतच जोरानें शिरते आणि पुढें उष्णता नेहमींच्याच मार्गानें आंत झिरपते. शिवाय दिवा मालविला म्हणजे खोलींत उजेड उरत नाहीं, त्याचप्रमाणें मॅग्नेट्रॉन थांबला कीं अन्नांत अगर पेटींत लहरींचा अवशेषही राहत नाहीं. मात्र जी लहर दुधांतील पाणी तापविते तिला माणसाच्या शरीरांतील पाणी परकें नाहीं. विशेषतः डोळ्यांतील भिंगाची उष्णता वाहून नेण्यास तेथें रक्तप्रवाह नसल्यामुळें डोळ्यांस धोका अधिक. अग्नि निदान दिसतो आणि चटका देऊन सावध करतो. ही लहर दिसत नाहीं. म्हणून हिला कोंडून ठेवणारें दार हेंच या यंत्राचें मर्मस्थान होय.

१९४७ सालीं बाजारांत आलेली पहिली भट्टी, 'रडाररेंज' तिचें नांव, जवळजवळ पुरुषभर उंच आणि सुमारें ३४० किलोग्रॅम वजनाची होती. किंमत हजारों डॉलर. मॅग्नेट्रॉन थंड राखण्यास पाण्याची नळी जोडावी लागे. उपाहारगृहें, जहाजें आणि आगगाड्या यांपलीकडे तिला कोण विचारणार? १९५५ सालीं टॅपन कंपनीनें घरगुती म्हणून एक भट्टी काढली. तिची किंमत १२९५ डॉलर, म्हणून तीही श्रीमंतांचें कौतुकच राहिली. खरी क्रांति १९६७ सालची. रेथिऑननें विकत घेतलेल्या अमाना कंपनीनें ओट्यावर मावणारी, घरच्या साध्या विजेवर चालणारी आणि हवेनें थंड होणारी भट्टी ४९५ डॉलरांस विकावयास काढली. त्याच सुमारास जपानांत मॅग्नेट्रॉन स्वस्त झाला होता, आणि अन्न सारखें तापावें म्हणून फिरती थाळी शार्प कंपनीनें १९६६ सालीं आपल्या भट्टींत बसविली होती.

युद्धांतील यंत्र असें उपाहारगृहांतून स्वयंपाकघरांत आलें, आणि तेथेंच भयाचा इतिहास सुरू झाला. कारखान्यांत अगर जहाजावर यंत्र हाताळणारा मनुष्य शिकलेला असतो. स्वयंपाकघरांत लहान मूलही दार उघडतें. जुन्या भट्ट्यांच्या दारांना कडेनें धातूच्या लवचिक पट्ट्या असत; त्या चौकटीस घट्ट चिकटल्या म्हणजे लहर कोंडली जाई. पण एखादा तुपाचा थेंब, पावाचा चुरा, अगर झिजलेली पट्टी एवढ्यानें तेथें फट पडे आणि ठिणग्या उडत. १९६७ सालीं रंगीत दूरचित्रवाणीच्या कांहीं संचांतून क्ष-किरण मर्यादेबाहेर निसटतात असें उघडकीस आल्यावर अमेरिकेंत बरीच खळबळ माजली. १९६८ च्या ऑक्टोबरांत तेथें किरणोत्सर्गापासून जनतेचें आरोग्य राखण्याचा कायदा झाला, आणि त्याखालीं १९७१ सालीं सूक्ष्म लहरींच्या भट्टीसाठीं मानदंड लागू झाला. पेटीपासून पांच सेंटिमीटर अंतरावर मोजलें असतां, नव्या भट्टींतून चौरस सेंटिमीटरास एक मिलिवॉटहून अधिक आणि पुढें तिच्या सर्व आयुष्यांत पांच मिलिवॉटहून अधिक शक्ति निसटतां कामा नये, असा तो दंडक आहे.

या दंडकांतील 'सर्व आयुष्यांत' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. नवी वस्तु निर्दोष असावी असें पुष्कळ कायदे म्हणतात. जुनी झालेली, तूप लागलेली, हजारों वेळां आपटलेली वस्तुही निर्दोष राहावी असें म्हणणारे थोडे. ही अट घातल्याबरोबर दाराची रचनाच बदलणें भाग पडलें. धातूला धातु चिकटविण्यावर भिस्त न ठेवतां दाराच्या कडेंत लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारें तीन सेंटिमीटर खोल, अशी एक खांच ठेवण्याची युक्ति सर्वत्र रूढ झाली. फटींतून निसटूं पाहणारी लहर त्या खांचेंत शिरते, तळाला आपटून परत येते, आणि येतांना तिची चढण पुढच्या लहरीच्या उतरणीस मिळाल्यामुळें दोघी एकमेकींस शमवितात. चोराला चोराकडूनच अडविण्याचा हा प्रकार! कांचेमागें दिसणारी बारीक भोंकांची जाळी मात्र निराळ्या न्यायानें चालते: प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, ती भोंकांतून बाहेर येते आणि आपणांस आंतील दूध दिसतें, पण बारा सेंटिमीटरांच्या लहरीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचें भोक म्हणजे भिंतच.

दारानें एवढें केलें तरी प्रश्न उरला: यंत्र चालू असतां कोणी दार उघडलें तर? त्यासाठीं दंडकानें किमान दोन स्वतंत्र खटके सक्तीचे केले. दाराचा आंकडा जागेवर बसला तरच दोन्ही खटके मिटतात आणि वीज पुढें जाते. त्यांतील निदान एक तरी अशा अडणीच्या जागीं असावा कीं बोटानें किंवा दहा सेंटिमीटरांच्या सरळ काडीनें तो दाबतां येऊं नये. म्हणजे खोडकर मुलाचाच नव्हे, हुशार माणसाचाही विचार तेथें केला आहे. पण खटका हीही शेवटीं धातूचीच वस्तु. रोज वीसदां वीज तोडतांना त्याच्या टोकांवर ठिणगी पडते, टोकें जळतात, आणि एखादे दिवशीं तीं एकमेकांस चिकटून राहतात. मग दार उघडलें तरी तो खटका सुटत नाहीं. म्हणून पहारेकऱ्यांवर पहारा ठेवणारी योजना पुढें सक्तीची झाली, आणि ती बहुधा तिसऱ्या खटक्याच्या रूपानें असते. दार उघडतांच आधीं पहिले दोन सुटतात आणि मग हा तिसरा मिटतो. ते नीट सुटले असतील तर याच्या मिटण्यानें कांहीं होत नाहीं. न सुटले तर विजेचा सारा लोंढा याच्या वाटेनें वळतो आणि फ्यूज जाळून टाकतो. न्यू जर्सींतील तो 'खट्' हा याचाच आवाज होता.

हें समजल्यावर जाड फ्यूज घालण्याच्या आमच्या बेताचा अर्थ कळून आला आणि अंगावर कांटा उभा राहिला. पहिला फ्यूज जळाला हा अपशकुन नव्हता, तो निरोप होता. आणि आम्ही निरोप्यालाच बदलूं पाहत होतों. कारागिरानें तिन्ही खटके आणि फ्यूज असें सर्व एकदम बदललें. कारण चिकटलेला खटका तर बाद झालाच होता, पण ज्यानें तो लोंढा अंगावर घेतला त्या तिसऱ्यावरही पुन्हां विश्वास टाकतां येत नाहीं. मग त्यानें लहरींची गळती मोजण्याचें यंत्र दाराच्या कडेनें फिरवून पाहिलें आणि समाधान झाल्यावरच पेटी वर चढविली.

जांवयांच्या दुसऱ्या बेताचें काय, असें वाचक विचारतील. मॅग्नेट्रॉनला घरगुती वीज पुरत नाहीं. पेटींतील जड ट्रान्सफॉर्मर ती सुमारें दोन हजार व्होल्टपर्यंत चढवितो, आणि कपॅसिटर व डायोड मिळून ती चार हजारांच्या आसपास नेतात. कारागिरानें प्रथम तपासलेला चपटा डबा तो हाच कपॅसिटर. प्लग काढला तरी त्यांतील सांठा लगेच जातोच असें नाहीं. तो हळूहळू गळून जावा म्हणून आंत एक रोधक बहुधा बसविलेला असतो, पण तोही कधीं निकामी होतो, आणि निकामी झाल्याची कोणतीही खूण बाहेर दिसत नाहीं. या डब्याच्या धक्क्यानें धडधाकट माणूस जागच्या जागीं मरूं शकतो. घरांतील बहुतेक यंत्रें प्लग काढल्यावर निरुपद्रवी होतात. हें त्यांस अपवाद आहे. 'प्लग काढला म्हणजे वीज गेली' हा बिनतोड वाटणारा युक्तिवाद याच एका ठिकाणीं तुटतो.

दंडक झाला म्हणून लोकांचें भय लगेच ओसरलें नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित ग्राहकसंस्थेनें आपण तपासलेल्यांपैकीं एकाही भट्टीची शिफारस करण्याचें नाकारलें. तथापि खप वाढतच गेला. १९७१ सालीं त्या देशांत शंभरांत एखाद्या घरीं ही भट्टी होती. १९९७ सालापर्यंत ती बहुतेक घरांत पोंचली. मधल्या काळांत, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, ओट्यावरची जागा मोकळी व्हावी म्हणून कोणास सुचलें कीं शेगडीवरची चिमणी आणि ही भट्टी एकाच पेटींत बसवावी. येणेंप्रमाणें चुलीवरच्या पेटीचा जन्म झाला.

जागा वांचली, पण पेटीचा संसार मात्र कष्टाचा झाला. ओट्यावरची भट्टी थंड हवेंत असते. ही चुलीच्या डोक्यावर, वाफेंत, धुरांत आणि तेलाच्या तुषारांत दिवस काढते. त्यांतून घर मराठी असलें तर विचारूंच नये. फोडणींत मोहरी तडतडली कीं तेलाचे सूक्ष्म कण वर चढतात, पंख्याच्या ओढीनें पेटीच्या पोटाखालच्या जाळींत अडकतात, आणि हळदीसह तेथें थिजतात. ही धातूची जाळी महिन्यांतून एकदां तरी काढून कढत पाण्यांत साबणानें धुवावी; ती अल्युमिनियमची असल्यामुळें सोडा किंवा अमोनिया यांसारखीं जळजळीत द्रव्यें लावूं नयेत, तीं तिला काळवंडतात. ज्या घरीं पंख्याची हवा बाहेर न जातां पुन्हां खोलींतच सोडली जाते, तेथें वरच्या बाजूस कोळशाची एक गाळणी असते. ती धुवून उपयोग नाहीं. सहा महिन्यांनीं, फार तर वर्षानें, नवी घालावी. जाळी तुंबली म्हणजे पंखा नुसता घरघरतो, वास घरभर राहतो, आणि पेटी आंतल्या आंत तापून मधेंच थांबते. हा तिचा बिघाड नव्हे, उष्णता वाढली असतां वीज तोडणाऱ्या आणखी एका रक्षकाचें तें काम आहे. शेगडी फार पेटली असतां कित्येक पेट्यांचा पंखा आपोआप सुरू होतो आणि बटण दाबलें तरी थांबत नाहीं. आमच्या कन्येच्या शेजारणीस तो भुताटकीचा प्रकार वाटला होता. वस्तुतः पेटी स्वतःस वारा घालीत असते.

इतर लक्षणेंही अशींच वाचतां येतात. आंत ठिणग्या उडूं लागल्या तर प्रथम उजव्या भिंतीवरील पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या अभ्रकाच्या तुकड्याकडे पाहावें. लहरी त्यामागून येतात. त्यावर उडालेलें तूप जळून कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी पडते. तो पुसून स्वच्छ ठेवावा, जळाला असेल तर नवा आणून बसवावा. हें काम घरच्या माणसास करतां येतें. दिवा लागतो, थाळी फिरते, पण दूध थंडच राहतें, किंवा पेटी नेहमींपेक्षां मोठ्यानें गुणगुणते, तेव्हां दोष बहुधा मॅग्नेट्रॉनचा, डायोडचा अगर कपॅसिटरचा. तेथें घरच्या माणसानें हात घालूं नये. शक्ति कमी झाल्याचा संशय आला तर पेलाभर पाणी ठेवून पाहावें. दोन-तीन मिनिटांत तें कढत झालें पाहिजे. रिकामी पेटी मात्र चालवूं नये, कारण लहरींना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें त्या परत मॅग्नेट्रॉनवरच उलटतात आणि त्याचें आयुष्य खातात. आणि दार वांकलें, बिजागरी ढिली झाली, आंकडा तुटला, कांच तडकली, तर दुरुस्ती होईपर्यंत पेटीचा प्लग काढून ठेवावा. या शेवटच्या सूचनेस अपवाद नाहीं.

हे सर्व नियम पेटीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत बारीक टाइपांत छापलेले असतात, आणि तें पुस्तक आम्ही सर्वांनीं कपाटांत ठेवून दिलेलें असतें. नियमांमागची गोष्ट ठाऊक नसली म्हणजे नियम नुसते सोवळें वाटतात. आणि मग मनुष्य एक तर यंत्राला भितो, नाहींतर त्याचा अवमान करतो. आमच्या घरीं त्या दोन दिवसांत हे दोन्ही प्रकार झाले: सौभाग्यवतींनीं पेटीस हात लावण्याचें सोडलें, आणि जांवई जाड फ्यूज आणावयास निघाले. कारागिराजवळ भय नव्हतें आणि धिटाईही नव्हती. ज्या डब्यांत ठिणगी असण्याचा संभव कमी, तोही त्यानें आधीं तपासला. आणि तपासून झाल्यावर मग तो शांतपणें कामास लागला. बर्मिंगहॅमच्या ठोकळ्यापासून १९७१ च्या दंडकापर्यंतच्या तीस वर्षांचा अनुभव त्याच्या त्या एका हालचालींत सांठलेला होता.

परत येण्यापूर्वींच्या दिवसांत सौभाग्यवतींची भीति मोडली. दाराच्या कडेला तूप सांचूं देऊं नये, एवढें त्यांनीं कारागिराच्या बोलण्यांतून नेमकें उचललें. रोज रात्रीं ओटा आवरून झाला म्हणजे त्या ओल्या फडक्यानें त्या दाराची कड चारही बाजूंनीं पुसून घेत. कन्येनें एकदां हंसून विचारलें, 'आई, रोज कशाला?' तेव्हां त्या म्हणाल्या, 'उंबरठा रोजच पुसतात, बाई.'